गवताच्या यंत्राची दोरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन इमारतींच्या मधे एक हिरवळ आहे. हिरवळ म्हणायची आमची पद्धत. एरवी ते साधं गवत, एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला दुचाक्या. पण मुंबईत चार पावलं अनवाणी चालता येईल एवढी माती ज्यांच्या दारात आहे, ते लोक तिच्याबद्दल जरा जास्तच बोलतात. मीही बोलतो. गेल्या वर्षी नको तितकं बोललो, आणि पुढचं सगळं त्या बोलण्यातून झालं.

बारा वर्षं ही हिरवळ आमचे माळीकाका सांभाळत होते. आठवड्यातून चार दिवस यायचे. उकिडवं बसून विळ्यानं गवत कापत टाकीपासून दुचाक्यांकडे सरकायचे, आणि दुचाक्यांपाशी पोचेपर्यंत टाकीजवळचं पुन्हा वाढलेलं असायचं. मी गेल्या वर्षी विम्याच्या कचेरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं काम फार हळू चाललेलं दिसतं. मी गॅलरीत चहा पीत त्यांच्याकडे बघायचो आणि मनातल्या मनात त्यांचा वेळ वाचवायचो.

मग वार्षिक सभा आली. इमारतीखालच्या स्टिल्टच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, वेफर्स. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जग कुठे चाललंय आणि आपण अजून विळ्यावर! गवत कापायचं मशीन घेऊ. अर्ध्या तासात हिरवळ झकास." कुणीतरी विचारलं, माळीकाका चालवतील का? मी जराही न थांबता म्हणालो, "छे, त्यांना नाही जमायचं. वय झालंय आता त्यांचं. त्यांना कुंड्यांपुरतं एक दिवस ठेवू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कचेरीतल्या तीस वर्षांत मला टाळ्या मिळाल्या नव्हत्या, निरोप समारंभ सोडून.

माळीकाका तेव्हा मागच्या रांगेत चहा वाटत होते. सभेला चहा देणं हे काही त्यांचं काम नव्हतं, पण देत होते. माझ्यापर्यंत आले, कप दिला, बरोबर दोन बिस्किटं दिली. मी ती खाल्ली.

एका दिवसासाठी भांडुपहून येणं जमत नाही म्हणून दोन महिन्यांत त्यांनी काम सोडलं. जाताना अवजारांच्या खोलीची किल्ली माझ्याच हातात दिली. बायको म्हणाली, "तुम्ही हे चांगलं नाही केलंत हां." मी तिला सुधारणेचे फायदे समजावून सांगितले. ती ऐकता ऐकता भाजी निवडायला लागली. आमच्या घरात याचा अर्थ ठराव फेटाळला असा होतो.

मशीन आलं. आता ते चालवणार कोण? वॉचमननं सांगितलं की हे त्याच्या ड्युटीत बसत नाही. समितीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अशा रीतीनं बारा वर्षांचा माणूस काढून त्याच्या जागी साठ वर्षांचा, बिनपगारी, कंबरदुखीचा माणूस नेमण्याची सुधारणा मी घडवून आणली.

खरं सांगतो, मला ते काम आवडायला लागलं. पेट्रोलवरचं मशीन, सुरू करायला एक दोरी. मुठीला धरून दोरी खस्सकन ओढायची, आतलं चाक फिरतं, इंजिन पेटतं, आणि हात सैल सोडला की आतली स्प्रिंग दोरी परत आत ओढून घेते. दर रविवारी सकाळी मी टोपी, गॉगल, फुलपँट मोज्यात खोचलेली, असा खाली उतरायचो. गॅलऱ्यांतून लोक बघायचे. मला वाटायचं कौतुकानं बघतात. नंतर कळलं की आवाजानं जागे होऊन बघायचे.

या वर्षीच्या सभेची नोटीस सप्टेंबरात लागली. विषय क्रमांक सहा: मधली हिरवळ काढून पेव्हर ब्लॉक बसवणे व तेथे गाड्यांसाठी जागा करणे. गाडीवाल्यांचं म्हणणं साधं होतं, नीट ठेवता येत नाही तर हवी कशाला? आणि गणपतीत दोन रविवार चुकल्यानं गवत गुडघ्याला आलं होतं. त्या रविवारी मी जरा तावातच खाली उतरलो. सहाव्या विषयाला मशीननं उत्तर देऊ म्हटलं. पाय रोवले, मूठ धरली, सगळा जीव काढून ओढली. दोरी तुटली. मूठ माझ्या हातात, दोरीचा तुकडा आत, आणि मी टाकीजवळच्या चिखलात बसलेला. वर कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

सभेला चौदा दिवस होते. हसण्याचं मला फार काही वाटलं नाही. पण चिखलातून उठताना एक गोष्ट लख्ख दिसली. ही हिरवळ गेली असती तर माझ्या हातून आधी माणूस गेला आणि मग गवतही गेलं असा हिशेब झाला असता. ज्या कारणासाठी मी त्या माणसाला घालवलं, ते कारणसुद्धा शिल्लक राहिलं नसतं. तेव्हा मशीन दुरुस्त झालंच पाहिजे, आणि तेही माझ्या हातून. दुकानात टाकायचं तर पंधरा दिवस लागतील म्हणाले. मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं: काळजी नसावी, घरीच करतो. अंगठ्यांपेक्षा हसरे चेहरे जास्त आले.

मशीन लिफ्टनं वर आणून हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ठेवलं. इंजिनावर एक गोल झाकण असतं, त्याला भोक, त्या भोकातून दोरी बाहेर येते. तुटलेलं टोक आत गेलेलं दिसत होतं. मी विचार केला, झाकण कशाला उघडा? नवी दोरी भोकातून आत सरकवू आणि जुन्या टोकाला गाठ मारू. आता अरुंद भोकातून दोरी ओवायची ही काय मराठी घरात अवघड गोष्ट आहे? परकराच्या नेफ्यात नाडा ओवणारी माणसं आपण. मी बायकोच्या कपाटातून एक नवा कोरा नाडा घेतला, त्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावली आणि पिन भोकातून आत ढकलली. अर्धा तास चिमट्यानं झटून जुन्या टोकाला गाठ बसली. मूठ बांधली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हे परदेशातल्या लोकांना सुचलं नसतं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

"सुचलं असतं तरी केलं नसतं," ती म्हणाली.

पहिल्याच ओढीला नाडा मधोमध तुटला. नाडा शेवटी सुती, त्याला पोट धरून ठेवायची सवय, इंजिन नव्हे. आणि त्याहून वाईट म्हणजे पिन आतच राहिली. हलवलं की खुळखुळ वाजायची. आता झाकण उघडण्यावाचून इलाज नव्हता.

झाकणाचे तीन बोल्ट काढले. आत एक चाक, चाकावर जुनी दोरी, दोरीला नाड्याची शेपटी, आणि पिन कुठेच नाही. चाकाखाली गेली असणार म्हणून मी चाकाचा मधला स्क्रू काढला आणि चाक उचललं. त्या चाकाखाली पोलादी पट्टीची स्प्रिंग गुंडाळून ठेवलेली असते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. लगेच माहीत झालं. ती उसळली, माझ्या कानाजवळून गेली, शोकेसच्या काचेवर आपटली आणि सोफ्याखाली जाऊन थरथरत राहिली. काच तडकली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, माझा कान शाबूत आहे हे बघितलं, आणि मग बोलली. ते इथे लिहीत नाही.

पिन तेवढी सापडली.

दोन हात लांबीची ती पट्टी पुन्हा वाटीएवढ्या जागेत बसवायला दोन दिवस गेले. मी गुंडाळायचो आणि बायको पोळपाटानं दाबून धरायची. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं. इतका एकोपा आमच्यात लग्नातही नव्हता. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून जाड विणीची नायलॉनची दोरी आणली, तिची टोकं गॅसवर वितळवली म्हणजे सुटत नाहीत, एक टोक चाकाला गाठ मारून अडकवलं, दुसरं भोकातून बाहेर काढून मुठीला बांधलं, आणि झाकण बसवलं.

दोरी बाहेरच. सगळीच्या सगळी, दीड हात, मशीनच्या बाजूला लोंबत. आत जायचं नावच घेईना. हातानं ढकलावी तर वाकडी होऊन परत बाहेर. ओढावी तर ओढण्यासारखं काही उरलेलंच नाही. मी उघडून पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. गाठ बदलली, दोरी बदलली, दिशा बदलली, चष्मा बदलला. मोबाइलवर सात व्हिडिओ बघितले. त्यातला माणूस प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी कॅमेऱ्याच्या आड हात करायचा. असा शुक्रवार उजाडला. सभा रविवारी.

"माळीकाकांना फोन करा," बायको म्हणाली. "निदान विळ्यानं पुढचं पुढचं तरी कापून देतील."

हे माझ्याही मनात चार दिवस होतं, आणि चार दिवस मी ते टाळत होतो. मला लाज वाटत होती. हे सरळ बोलायला मला वर्ष लागलं असतं, पण बायको समोर उभी होती म्हणून तेव्हाच कबूल केलं. "लाज वाटते तर वाटू दे ना," ती म्हणाली. "लाजेनं कुणी मरत नाही."

फोन लावला. काकांनी लगेच ओळखलं. मी गवत, सभा, पेव्हर ब्लॉक सगळं भराभरा सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "विळा घेऊन या काका, जरा कापून द्या." काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी सुटल्यावर येतो. सहाला."

सहाला पाच मिनिटं असताना आले. मी गेटवर उभा होतो आणि आधी ओळखलंच नाही. गडद निळा टी-शर्ट, छातीवर कुठल्याशा संकुलाचं बोधचिन्ह, पायात जाड बूट. हात रिकामे.

"विळा?" मी विचारलं.

"तो गावाला देऊन टाकला, साहेब. आता मशीनच असतं. आमच्याकडे तीन आहेत."

आमच्याकडे म्हणजे पवईच्या बाजूला नवे टॉवर झालेत तिथे. बागेचं सगळं काम ते बघतात. मी त्यांना वर नेलं. बायकोनं पाणी दिलं, तब्येत विचारली. काकांनी हॉलमधल्या मशीनकडे बघितलं, लोंबणाऱ्या दोरीकडे बघितलं, मग तडकलेल्या काचेकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. मी आपणहून नाड्यासकट सगळं सांगितलं. पिनेपाशी आलो तेव्हा ते हसले. बारा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"दोरी आधी ओवलीत तुम्ही," ते म्हणाले. "आधी चाक फिरवायचं. स्प्रिंग भरायची, घड्याळाला चावी देतात तशी. भरली की चाक सोडायचं नाही, धरून ठेवायचं, आणि मग दोरी ओवायची. भरलीच नाही तर ती दोरी कशाला ओढून घेईल?"

"काका, तुम्हीच करून द्या ना."

"मी हात नाय लावणार. आमच्याकडे नियम आहे, जो मशीन चालवतो त्यानंच खोलायचं. तुम्ही करा, मी सांगतो."

मग मी हॉलमध्ये फतकल मारून बसलो आणि ते खुर्चीवर बसून सांगत राहिले. झाकण काढलं. जुनी गाठ सोडली. चाक फिरवलं, एक फेरा, दोन, तीन. चौथ्याला बोटं दुखायला लागली. "अजून एक," ते म्हणाले. पाचवा. चाकाचं भोक झाकणाच्या भोकासमोर आणून अंगठ्यानं दाबून धरलं. दुसऱ्या हातानं दोरी ओवली, गाठ मारली, दातानं घट्ट केली. "आता हळूहळू सोडा. एकदम नको." मी अंगठा सैल केला आणि चाकानं दोरी आत घ्यायला सुरुवात केली. सगळी दीड हात दोरी आत गेली आणि मूठ टक्कन झाकणाला येऊन टेकली. मला इतका आनंद झाला की मी टाळी दिली. त्यांनी घेतली.

"तुम्ही हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"इथनं गेल्यावर. पंधरा दिवस लागले. त्यात काय आहे?"

"मला वाटलं होतं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"वय झालंय म्हणून," त्यांनी माझं वाक्य पुरं केलं. आवाज चढला नव्हता. "अठ्ठावन्न आहे मी, साहेब. तुम्ही?"

मी एकसष्ट सांगितलं. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. माझी आई मालवणची, घरात ती मालवणीच बोलायची. काकाही तिकडचेच, पण माझ्याशी बारा वर्षांत त्या भाषेत एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"माका कोणी इचारल्यानच नाय."

खरंच होतं ते. ते मागं उभे होते, हातात चहाचा ट्रे होता, सभेत कुणीही मान वळवून विचारू शकलं असतं, आणि सगळ्यांत आधी मी. मी म्हणालो, "चुकलो मी काका. मनापासून सांगतो, फार चुकलो. उद्या सभेत बोलतो. तुम्ही परत या. मशीन तुम्ही चालवा."

"माझे सहाही वार भरलेत," ते म्हणाले. "रविवारी मी घरी असतो." मग उठले, बूट घातले. दारात थांबून म्हणाले, "पण सभेत बोलाच. मी येणार नसलो तरी. तेव्हा सगळ्यांसमोर बोललात ना?"

रविवारी सकाळी मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं. दुपारपर्यंत मी गवत कापलं. पट्टे वाकडे आले, दोन ठिकाणी माती दिसायला लागली, पण हिरवळ हिरवळीसारखी दिसली. संध्याकाळी सहावा विषय चार मतांनी पडला. माझं गवत बघून पडला की मधेच समोसे आले म्हणून, ते सांगता येणार नाही.

शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे ऐन वेळचे विषय. मी उभा राहिलो. म्हणालो, गेल्या वर्षी याच जागेवर मी म्हटलं होतं की माळीकाकांना मशीन जमणार नाही. ते मी त्यांना न विचारता म्हटलं. ते खोटं होतं. आज ते तीन मशीन सांभाळतात आणि आपलं मशीन त्यांनी सांगितल्यामुळे चाललं. माझं बोलणं चुकीचं होतं आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.

टाळ्या वगैरे काही नाही. दोघं-तिघं खुर्च्या उचलायला लागले होते ते थांबले. सचिवांनी पेन उघडलं.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं," ते म्हणाले. "इतिवृत्तात नुसतं माळीकाका कसं लिहू?"

मी फोन काढून नाव शोधलं. माझ्या फोनमध्ये ते माळी होते. बायकोकडे बघितलं, तिनं मान खाली घातली. अध्यक्ष, खजिनदार, पुढच्या रांगेतल्या वहिनी, मागचे गाडीवाले. साठेक माणसं, बारा वर्षं, आणि एकालाही नाव सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, "सोडा ना, माळी लिहा."

"लिहू नका," मी म्हणालो आणि टाकीपाशी जाऊन फोन लावला.

काकांच्या मागे कुकरची शिटी वाजत होती. मी विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला? पोलिसात देताय काय?"

मी सांगितलं कशाला ते. सगळं सांगितलं, कुणालाच येत नव्हतं हेसुद्धा. पलीकडे पुन्हा एक शिटी झाली. मग त्यांनी सावकाश, कारकुनाला सांगतात तसं, आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग वडलांचं, मग आडनाव. मी सभेच्या नोटिशीच्या पाठीवर लिहून घेतलं.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचून दाखवलं.

"बरोबर," ते म्हणाले. "आता आत जाऊन मोठ्यानं वाचा."